पहाटे चारच्या रकान्यातला २० : कोल्हापुरात हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांना एका स्टाफ नर्सचं खुलं पत्र

सगळ्या डॉक्टर साहेबांना, मॅडमना आणि ट्रस्टी मंडळींना नमस्कार.

तुमच्या वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायचा कागद, हातात घ्या आणि पहाटे चारच्या रकान्यात श्वासाचा आकडा बघा. २० असणार. शेजारच्या बेडचा बघा, तिथंही २०. त्याच्या पलीकडच्या आजोबांना न्यूमोनिया आहे, तिथं मात्र २४ असेल, कारण तिथं पण २० लिहिलं तर तुम्ही राउंडला विचारणार हे आम्हाला माहीत असतंय.

आता हे सांगणं म्हणजे आमच्याच पोरींची चुगली केल्यासारखं आहे, आणि माझी स्वतःची पण, कारण मी पण लिहिलंय असं, एकदा नाही, लई वेळा. श्वास मोजायचा म्हणजे घड्याळ बघत पेशंटच्या छातीकडं एक मिनिट नुसतं उभं राहावं लागतं. वीस पेशंट असले तर वीस मिनिटं. बीपीचं मशीन आकडा देतं, बोटाला लावायची क्लिप ऑक्सिजन सांगते, ताप थर्मामीटर सांगतो, श्वास तेवढा अजून माणसानंच मोजायचा राहिलाय, आणि सकाळपासनं उभी असलेली बाई पहाटे चारला जिथं वेळ वाचेल तिथं वाचवते. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याच वेळा सगळ्यात आधी श्वास वाढतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. म्हणजे जे पहिलं कळायला पाहिजे तेच आम्ही अंदाजानं लिहितोय.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मला सोळा वर्षं झाली. तीन हॉस्पिटलं झाली, तिन्ही इथलीच, नावं घेणार नाही, आणि घेऊन फरक पण पडणार नाही कारण ड्युटी चार्ट तिन्हीकडं सारखाच होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ, नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. कागदावर एकदम झकास. पण इव्हिनिंगची पोरगी आजारी पडली, नाहीतर तिच्या घरी लग्न निघालं, नाहीतर ती न सांगता पुण्याला जॉब लागून गेली, की दुपारी पावणेदोनला इन्चार्ज सिस्टरचा आवाज येतो, "जरा कंटिन्यू कर गं, आजच्या दिवस." आजच्या दिवस. हा आजचा दिवस महिन्यातनं सहा-सात वेळा येतो. मॉर्निंग करून इव्हिनिंग केली तर बारा तास, ते अजून परवडलं. नाईट करून मॉर्निंग केली तर अठरा. आणि इव्हिनिंगला जोडून नाईट केली तर पण अठराच, फक्त शेवटचे तास पहाटेचे, म्हणजे त्याहून वाईट.

याच्यात ओव्हर धरलेली नाही. ओव्हर म्हणजे ड्युटी बदलताना एकीनं दुसरीला प्रत्येक बेडपाशी उभं राहून पेशंट समजावून द्यायचा, त्याला अर्धा-पाऊण तास आरामात जातो, आणि हा वेळ कुठल्याच हजेरीत येत नाही. आठला ड्युटी संपते पण पावणेनऊपर्यंत बाई वॉर्डातच. अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास छापून आला होता, ३९३ नर्सना रोज डायरी लिहायला सांगून ५,३१७ शिफ्टचा हिशोब काढलेला, त्यात वेळेवर घरी गेलेल्या शिफ्ट २० टक्क्यांच्या पण खाली होत्या. तिकडं पण हेच, म्हटलं बरं वाटलं. पण त्याच अभ्यासात पुढं लिहिलंय की साडेबारा तास किंवा त्याच्यावर शिफ्ट गेली की चूक व्हायची शक्यता तिप्पट होते. तिप्पट! आणि आमची साधी सरळ नाईट ओव्हर धरून पावणेतेरा तासांची होते, कंटिन्यू वगैरे काही न करता.

आता माझीच एक गोष्ट सांगते, जी आजपर्यंत मी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

नाईट करून मॉर्निंग कंटिन्यू केली होती. दुपारी दोनचा अँटिबायोटिकचा डोस होता, पावडरची व्हायल, डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ करायची आणि शिरेतनं द्यायची, रोजचं काम, झोपेत पण हात चालतात, आणि खरंच झोपेतच चालत होते. ट्रेमधली प्लास्टिकची अँप्युल मोडली, सिरिंजमध्ये ओढून घेतली. बेडशेजारी म्हातारी बसलेली, गगनबावड्याकडची, नवऱ्याबरोबर आलेली. ती सहज म्हणाली, "बाई, ह्ये कशाचं म्हनायचं?" तिला काय, नुसतं बोलायचं होतं, सकाळपासनं कोण बोललं नव्हतं तिच्याशी. मी उत्तर द्यायचं म्हणून अँप्युल उलटी करून मोठ्यानं वाचायला लागले आणि तोंडातनं शब्दच फुटेना. पोटॅशियम क्लोराईड होतं. त्याच ट्रेमध्ये, तसलीच दहा एमएलची प्लास्टिकची अँप्युल. हे सलाईनच्या बाटलीत मिसळून हळूहळू द्यायचं औषध आहे, तसंच थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं, हे पहिल्या वर्षाची पोरगी पण सांगेल. मी म्हातारीला म्हटलं, "काही नाही आजी, दुसरं आणते," आणि बाहेर येऊन सिरिंज फोडून टाकली आणि स्टोअररूममध्ये खाली बसले.

नीट बघितलं नाही ही चूक माझीच, त्याच्यात दुमत नाही. आणि तसली अँप्युल साध्या वॉर्डाच्या ट्रेमध्ये असूच नये, ती वेगळी कुलपात पाहिजे, हे सगळ्या जगात सांगून झालंय, ते पण खरं. पण समजा त्या आजीनं विचारलं नसतं. तर मेमो माझ्या नावावर, चौकशी माझी, नातेवाइकांनी काचा फोडल्या असत्या, पोलिसात निष्काळजीपणाचा गुन्हा माझ्यावर, पेपरात "नर्सच्या हलगर्जीपणामुळे". मी त्या वेळी अठराव्या तासाला होते हे कुठल्या कागदावर आलं असतं? रजिस्टरला माझ्या दोन सह्या होत्या, दोन ड्युट्यांच्या, दोन वेगळ्या पानांवर. बेरीज कुणी केली असती?

त्या दिवसापासनं मी प्रत्येक अँप्युल ओठ हलवून वाचते, पोरी हसतात.

दमल्यावर माणूस नेमका कसा चुकतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही रेसिडेन्सी केलीय, तुमच्या पण रात्री गेल्यात. डोळे उघडे असतात, माणूस चालत असतो, बोलतो पण, मधेच दोन-चार सेकंद मेंदू बंद पडतो आणि त्याला स्वतःला कळत पण नाही. तेवढ्या वेळात काय होतंय ते बघा. आपल्याकडं इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, ४० चं आणि १०० चं, आणि सिरिंज पण दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. आता लाल आणि केशरी, पहाटे, त्या मिणमिणत्या ट्यूबखाली! १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला दहा नाही, पंचवीस युनिट गेलं. सकाळी शुगर का उतरली म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात.

१९९७ साली नेचर मासिकात आलेलं एक संशोधन तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. सलग १७ तास जागा असलेला माणूस हाता-डोळ्याच्या कामात, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. २४ तासांनी ०.१० टक्के. आपल्या कायद्यात गाडी चालवायची हद्द आहे १०० मिलीला ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता हिशोब करा. पहिली नाईट असलेली बाई सकाळी सातला उठलेली असते, पोरांचे डबे, सासूची औषधं, दुपारी झोपते म्हटलं तर कोण झोपू देतंय. रात्री आठला येते. बाराला तिचे सतरा तास भरले. तिथनं पुढं सकाळी आठपर्यंत ती कायद्याच्या हद्दीपलीकडच्या अवस्थेत आयसीयूत इन्फ्युजन पंप, म्हणजे शिरेतनं औषध मोजून सोडणारं मशीन, लावते. थर्टी फर्स्टला तावडे हॉटेलपाशी पोलीस पोरांच्या तोंडासमोर मशीन धरतात, धरलंच पाहिजे. आमच्या तोंडासमोर धरलं तर शून्य येईल आणि आम्ही स्कूटीवरनं तशाच पुढं. ड्युटीवरनं जाताना गाडीवर डुलकी लागून पडलेल्या मला दोघी ओळखीच्या आहेत. एकीचा हात अजून सरळ होत नाही.

तुम्ही म्हणाल हे सगळं परदेशातलं. बरं, आपलं बघू.

माझं माहेर शिवाजी पुलाच्या पलीकडचं, आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. हंगामात रात्रंदिवस घाणा चालायचा. काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, गुळव्या असतो, रस कधी उतरायचा हे तो नुसतं उकळीकडं आणि बुडबुड्याकडं बघून सांगतो, एखादं मिनिट इकडं तिकडं झालं की आदण करपलं नाहीतर कच्चं राहिलं. दोन रात्री जागलेल्या गुळव्याला चुलते कधी काहिलीपाशी उभं करायचे नाहीत, "जा, पड जा पाचटावर," म्हणून हाकलायचे आणि दुसऱ्याला बोलवायचे, वेळ आली तर जास्त पैसे देऊन बोलवायचे. चुलते काही साधुसंत नव्हते, चांगले कडू होते. पण आदण करपलं तर नुकसान त्यांचं होतं, म्हणून त्यांना बरोबर कळायचं. हॉस्पिटलात दमलेल्या नर्सनं करपवलं तर नुकसान पेशंटचं होतं, आणि बिल तर तेवढंच येतं, उलट दोन दिवस जास्त ॲडमिट राहिला तर वाढतंच. हे बोलणं तुम्हाला लागेल. लागू दे.

आणि हो, इमर्जन्सीचं कारण सांगू नका. २०१९ च्या महापुरात रेडेडोह फुटला, म्हणजे पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलं, पन्हाळा रोड बंद, शिरोलीजवळ हायवे पण बंद, मी चार दिवस हॉस्पिटलातच होते, मॅटर्निटीच्या रिकाम्या कॉटवर झोपत होते, तीन-तीन तासांनी उठून ड्युटी करत होते आणि माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. डॉक्टर पण तिथंच, वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी पण तिथंच, खिचडी सगळ्यांची एकच. पुरातली डबल ड्युटी मी परत करेन. मी बोलतेय ती साध्या मंगळवारच्या डबल ड्युटीबद्दल, जेव्हा पंचगंगा आपली पात्रात आहे, रस्ते चालू आहेत आणि फक्त एक पोरगी रजेवर आहे. कुणीतरी रजेवर जाणार हे काय अचानक येणारं संकट आहे का? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या जुन्या नियमातच आहे, जनरल वॉर्डला टीचिंग हॉस्पिटलात तीन पेशंटमागं एक नर्स, बाकीकडं पाचामागं एक, आणि याच्या वर रजेसाठी म्हणून ३० टक्के स्टाफ जादा. हे ३० टक्के कुठं आहेत? मी सोळा वर्षांत एकदाही बघितले नाहीत. ते ३० टक्के म्हणजे आम्हीच, दुसऱ्यांदा.

आता आमच्या बाजूचं पण खरं सांगते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. डबल ड्युटी कधी कधी आम्हीच मागून घेतो. मी पण घेतलीय, घराच्या हप्त्यासाठी दोन वर्षं जवळजवळ दर आठवड्याला. लांबनं केएमटीच्या बसनं नाहीतर वडापच्या जीपनं येणाऱ्या पोरींना बारा तासांची ड्युटी आवडते, हेलपाटे वाचतात, ऑफ जास्त मिळतात. तिकडं अमेरिकेत पण २०१२ च्या एका अभ्यासात चार राज्यांतल्या बावीस हजारांवर नर्सना विचारलं तर ८० टक्क्यांपेक्षा जास्त जणी आपल्या ड्युटीच्या वेळांवर खूश होत्या, आणि त्याच अभ्यासात जिथं तेरा तासांच्या वरच्या शिफ्ट जास्त तिथं पेशंट नाखूश निघाले, आणि दहा तासांच्या वर काम करणाऱ्या नर्स जास्त खचलेल्या. म्हणजे आम्ही खूश आहोत हा काही पुरावा होत नाही, दारू पिणारा पण खूशच असतो. त्यामुळं "सिस्टर लोकांनाच पाहिजे असतंय" हे तुमचं नेहमीचं वाक्य मी आधीच खोडून ठेवते. पाहिजे असतंय कारण पगारात भागत नाही. २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर केंद्र सरकारनं कमिटी नेमली, कमिटीनं सांगितलं की २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, पन्नासपेक्षा लहान हॉस्पिटल असलं तरी २०,००० च्या खाली नको, आणि ड्युटीचे तास, रजा सरकारी नर्ससारख्या पाहिजेत. तुमच्या हॉस्पिटलात नवीन जीएनएम पोरीला आज किती देता ते तुमचं तुम्हाला माहीत. मी इथं आकडा लिहीत नाही, लाज तुम्हालाच वाटेल.

नाव कशाचं देता तर सेवा. १२ मेला नर्सेस डे, केक येतो, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार, मेणबत्त्या, भाषण, "आमच्या सिस्टर म्हणजे देवी". मागच्या खेपेला केक कापताना जिच्या हातात सुरी दिली ती नाईट करून कंटिन्यू होती, फोटोत तिचे डोळे मिटलेत, सगळ्यांना वाटलं फ्लॅशमुळं. देवीला झोप लागत नाही असं वाटतंय काय? अंबाबाईची पण रोज रात्री शेजारती होते बरं का.

तर मागणी काय, ते सांगते. कुठल्याही कारणानं, ओव्हर धरून, सलग बारा तासांच्या वर कुणाला वॉर्डात ठेवायचं नाही, आणि दोन ड्युट्यांच्या मधे किमान बारा तास सुट्टी. हे मी मनचं सांगत नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं नर्सिंगसाठी हीच शिफारस १९७७ साली केलीय, माझ्या जन्माच्या आधी. त्याच्यासाठी रजेपुरत्या जादा पोरी भरा, पैसे लागतील, लागू देत, नवीन सीटी मशीन घेताना लागलेच की. नाईटला वीस-पंचवीस मिनिटं आळीपाळीनं पडायला एक कॉट द्या आणि ती झोप चोरून घ्यायला लावू नका, आता आम्ही लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर झोपतो आणि मामा दारात राखण बसतो, चोर असल्यासारखं. माझ्यासारखी चुकता चुकता राहिलेली गोष्ट कुणी सांगितली तर मेमो न देता ऐकून घ्यायची सोय करा. मी त्या दिवशी सांगितलं असतं तर ती अँप्युल ट्रेमधनं दुसऱ्याच दिवशी निघाली असती. मी गप्प बसले, ती तशीच राहिली, किती दिवस ते मला पण माहीत नाही, आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आणि एक गोष्ट फुकट आहे, ती तरी उद्यापासनं करा. २०२१ पासनं नर्सिंग होमच्या नियमात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला लागते, तुम्ही लावलीय, फ्रेम करून, गणपतीच्या फोटोशेजारी. त्याच्याच बाजूला वॉर्डाचा आजचा ड्युटी चार्ट लावा. नावं नकोत, नाहीतर नातेवाईक आम्हालाच धरतील. फक्त एवढंच, या वॉर्डात आत्ता किती पेशंट, किती नर्स, आणि प्रत्येकीचा हा कितवा तास. कितवा तास हे खडूनं लिहायला काही खर्च नाही. नातेवाइकांना खोलीचं भाडं कळतंय, ऑपरेशनचा रेट कळतंय, मग आपल्या बापाला सुई टोचणारी बाई सहाव्या तासाला आहे का सोळाव्या हे पण कळू दे. तुम्हाला ते लावायला नको वाटत असेल तर का नको वाटतंय ते एकदा तुमचं तुम्हीच बघा.

दुसरं काही जमलं नाही तर एक दिवस पहाटे चारला या. फोन न करता या, आम्हाला आधी कळलं तर सगळं आवरून ठेवतो. राउंड घेऊ नका, कुणाला ओरडू नका. चार्ट घ्या, पहिल्या बेडपाशी उभं राहा, घड्याळ लावा आणि एक मिनिट त्या माणसाची छाती मोजा. मग चार्टवरचा आकडा बघा, आणि मग त्या पोरीला विचारा की ती काल किती वाजता उठली होती.

तुमचीच,
एक स्टाफ नर्स, कोल्हापूर

ता. क. हे लिहायला तीन ऑफ गेले. बोलताना मी ‘मी आलो, मी गेलो’च म्हणते, कोल्हापूरची आहे, इथं लिहिताना ‘आले-गेले’ केलंय, कुठं राहिलं असलं तर समजून घ्या.